सगळ्या गाडीचा आजार

घोडेगावहून डोंगराकडं जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक बाई हिरड्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या हातातला कागद तिनं न विचारताच ओढून घेतला. त्यातल्या प्रश्नांवरून पुण्याच्या एका निसर्गोपचारवाल्यानं मला सांगितलं होतं, की तुमच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी थकल्यात.

तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "दुपारी झोप येते का?"

"येते!" मागून आवाज आला.

"सकाळी उठवत न्हाई?"

"न्हाई!" निम्मी गाडी ओरडली.

"खारट खावंसं वाटतं?"

"लई!" हा खुद्द ड्रायव्हर.

"म्हंजी ह्यो आजार सगळ्या गाडीला हाय की!"

हसून हसून माझे डोळे भरले. तेवढ्यात तिनं अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली आणि आतला फिकट रंग निरखला. "ताई, कागद खोटा. तुमचं दमणं खरं हाय. रगत तपासा."

कंडक्टरनंही वाकून स्वतःची पापणी ओढली. "माजं बगा."

"तुमचं रगत झ्याक हाय, भाऊ. तुमी नुसते आळशी."

पुढं तपासल्यावर माझं रक्त मात्र खरंच कमी निघालं. त्या कागदात चाळीस प्रश्न होते. माझ्या डोळ्यांकडं कुणी पाहिलंच नव्हतं.