दोन रकान्यांचे संकपाळ सर

संकपाळ सरांना कुणी काहीही सांगितलं की ते आधी विचारायचे, "बघितलंय, का ऐकलंय?" स्टाफरूममध्ये मी नुसतं 'हेडसर आज रागात आहेत' म्हटलं तरी हाच प्रश्न. मी गणित शिकवणारी. पुरावा मागायचा हक्क आपला, असा माझा समज होता. तो या इतिहासाच्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात मोडीत काढला. यंदा ते निवृत्त झाले आणि स्टाफरूममध्ये कुणीही काहीही ठोकून देऊ लागलं आहे.

आमची शाळा उचगावच्या पुढच्या एका लहान गावात. सर त्याच गावचे, तिथल्या वजनदार भावकीतले. नववीच्या वर्गात ते पुस्तक उशिराच उघडायचे. आधी एखादा जुना तांब्या किंवा कुणाच्या लग्नाचा फोटो टेबलावर ठेवायचे आणि फळ्यावर दोन रकाने आखायचे. एकात 'दिसतंय काय', दुसऱ्यात 'ऐकलंय काय'. "ह्यातलं त्यात गेलं, की इतिहासाची भेळ झाली म्हणून समजा," असं बजावायचे. मुलं हसायची, पण रकाने चुकवायची नाहीत.

गावच्या देवळापुढे एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराचा कोरीव दगड. तो संकपाळांच्या मूळ पुरुषाचा, तो घोड्यावरून लढता लढता पडला, असं सगळं गाव सांगे. म्हणून जत्रेत त्या दगडापुढे पहिला नारळ फोडायचा मान त्यांच्या घराचा. सरांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी नवा कट्टा बांधायला दगड उपटला, तेव्हा जमिनीत गेलेला खालचा भाग वर आला. भावकीने पूर्वजाच्या नावाची पाटी लावायचं ठरवलं आणि मजकूर सरांकडे सोपवला. सरांनी तो नववीकडे सोपवला. तिथेच बिनसलं.

मुलांनी दगडाची माती धुतली. पहिल्या रकान्यात लिहिलं: तलवार घेतलेला माणूस, मागे गुरं, घोडा नाही, अक्षर एकही नाही. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरोघर विचारत हिंडली, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली? मुजावरांची रेश्मा वर्गात उभी राहून म्हणाली, "सर, समदी सांगत्यात खरं, पर समद्यांनी एकाकडनंच ऐकलंय. तुमच्या आज्याकडनं."

सर खुर्चीत बसले. "आणि आज्यानं कुणाकडनं ऐकलं?"

"ते कुणालाच ठावं न्हाय."

"मग तसंच लिवा."

सरांच्या लहानपणीच वडील गेलेले. थोरल्या चुलत्यांनी, आबांनी, त्यांना वाढवलं. भावकीच्या बैठकीत तेच कडाडले. "शाळंतल्या पोरांच्या सांगण्यावरनं घरचा पुरुष पुसायला निघालास? तू आमचा हाईस का त्यांचा?"

"तुमचाच हाय, आबा," सर म्हणाले. "पर वर्गात एक शिकवायचं आणि देवळाफुडं दुसरं लिवायचं, हे माझ्यानं व्हणार न्हाय."

सगळ्यांनी एकाकडूनच ऐकलंय हे मुलांनी म्हाताऱ्यांकडून आधीच वदवून घेतलं होतं, त्यामुळे नावासाठी छातीठोकपणे बोलायला कुणी पुढे आलं नाही. आबांनी मात्र सरांशी बोलणं टाकलं. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जाणारे सर शाळा सुटल्यावरही व्हरांड्यात रेंगाळायचे. मला वाईट वाटायचं, आणि आबांचा रागही यायचा.

सरांनी मजकूर तयार केला: 'गावची गुरं राखताना पडलेला वीर. नाव माहीत नाही.' रेश्माने हात वर केला. "गावचीच कशावरनं, सर? ह्योच चोरून न्हेत आसंल तर?" सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि ते शब्द खोडले. पाटीवर एवढंच राहिलं की इथे लढाईत मेलेला एक माणूस आहे, जवळ गुरं आहेत आणि नाव माहीत नाही.

जत्रेच्या सकाळी पाटीपुढे कुजबुज चालली होती. मान आता कुणाचा? आबा काठी टेकत आले. त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली. सर मान खाली घालून बाजूला उभे होते.

"नाव न्हाय म्हणून त्याला उपाशी ठिवायचा व्हय?" आबा मोठ्याने म्हणाले. मग पिशवीतला नारळ काढून त्यांनी सरांच्या हातात दिला. "धर. आमच्या घरचा म्हणून नगं, पोरांचा मास्तर म्हणून वाढीव."

एरवी कशालाच न डगमगणाऱ्या सरांना पहिल्या फटक्यात नारळ फुटेना.