कोलंबीच्या ढिगातला काळा मासा

लिफ्टमध्ये मासळीचा वास आला की मुलुंडच्या बाजारातली ती संध्याकाळ आठवते. आमची चाळ पाडून नुकताच टॉवर झाला होता. वॉचमन कोळणीला वर सोडत नसे, म्हणून बाविसाव्या मजल्यावरून आईच खाली उतरायची. त्या दिवशी ऑफिसातून दमून आलो होतो, तरी मीही तिच्यासोबत गेलो. कोलंबीच्या ढिगात एक काळा मासा निघाला. डोळे बाहेर आलेले, पोट तोंडातून उलटलेलं. "ही जातच खोल पाण्यातली गो," कोळीण म्हणाली, "जाळ्यात वर आली की अशीच फुगते." आई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "खालीच बरा होता ना बिचारा," एवढंच बोलली. नव्या घरात ती वर्षभरही टिकली नाही. आता बाविसावा येईपर्यंत माझ्याच कानांत दडे बसतात.