जळालेल्या लोखंडाचा रंग

मी वणीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं, काचपट्ट्या रंगवायच्या, रिपोर्ट टाइप करायचे. संध्याकाळी घरी आलो की समोरच्या खोलीतल्या टेबलाशी बसून प्लास्टिकचे जर्मन रणगाडे जोडतो. टाळेबंदीच्या वर्षी हा नाद लागला. पुण्याला राहणाऱ्या एका मित्राने घरात पडून असलेला एक खोका कुरियरने पाठवला, त्यात टायगर रणगाडा होता, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा. चौकटीतून एकेक भाग कापायचा, कडा घासायच्या, चिमट्यात धरून चिकटवायचा. लॅबमधून येताना डोक्यात जे काही घेऊन यायचो ते त्या टेबलाशी तासाभरात निवायचं. मग मी मागवतच गेलो.

जर्मनच का, असं लोक विचारतात. त्या लढाईचं मला कौतुक नाही आणि त्या सैन्याचं तर नाहीच नाही. पण दुकानांतून जास्त करून तेच मिळतात आणि त्यांची चाकं, साखळपट्टे फार किचकट असतात. किचकट काम मला हवं असतं. आईला हे सगळं सारखंच. पहिल्या वर्षी दसऱ्याला तिने बाबांच्या जुन्या पान्यांशेजारी माझा टायगर मांडला आणि त्याच्या तोफेला हळदकुंकू लावलं. ओला रंग होता, कुंकू त्यात बसलं ते निघालंच नाही. मी चिडलो तर म्हणाली, "हत्यारच होय ना ते? मंग?"

बाबांनी मात्र माझ्या टेबलाकडे कधी पाहिलं नव्हतं. ते चंद्रपूर रस्त्यावरच्या एका धरमकाट्यावर बसतात. कोळशाचे ट्रक येतात, काट्यावर चढतात, बाबा वजनाची चिठ्ठी फाडून देतात. आधी ते स्वतः ट्रक चालवायचे, माझ्या मामासोबत. मामा आईचा मोठा भाऊ. दोघांची जोडी होती, एकाने चालवायचं तेव्हा दुसऱ्याने झोपायचं. मी बारावीत असताना पांढरकवड्याच्या पुढे भर दुपारी त्यांची गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रेलरवर आदळली. बाबा चालवत होते. गाडीत कापसाच्या गाठी होत्या, त्या पेटल्या. मामा गेला. बाबांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला.

घरी आम्हाला जे समजलं ते असं की मामा धडकेतच गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही, आणि बाबांचा हात त्याचं शरीर बाहेर काढताना भाजला. आईने हेच वाक्य धरून ठेवलं. मामी कळंबला राहते, अंगणवाडीत शिकवते, तिला एक मुलगी आहे. दरवर्षी मामाच्या तिथीला आई कळंबला जायची आणि मामीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "त्याले काही समजलंच नाई, वहिनी. झोपेतच गेला."

त्या अपघातानंतर बाबांनी गाडीचं स्टिअरिंग पुन्हा धरलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नागपूरला मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन भरणार होतं. मी ठरवलं की या वेळी चकचकीत रणगाडा न्यायचा नाही, जळून रस्त्याच्या कडेला पडलेला न्यायचा. पंधरा दिवस खपून जोडला आणि एअरब्रशने काळा मारला. काळ्यावर आणखी काळा. काजळीसारखं दिसावं म्हणून वर थोडा करडा.

बाबा कामावरून आले, आईने हातात चहा दिला. चहाचा कप घेऊन ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. पहिल्यांदाच.

"हे काय होय?"

"जळालेला रणगाडा आहे."

ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "जळालेलं लोखंड काळं नसते."

मी मागे वळून पाहिलं.

"धूर लागते तिथं काळं. जिथं आग खरी लागते तिथं पांढरं होते, राखीवानी. अन् एका रात्रीचं दव पडलं का नारंगी. गंज चढते लगेच. रंग उरत नाई ना त्याच्यावर."

मी वही ओढली आणि लिहून घेतलं. ते पाहून बाबांना बरं वाटलं असावं, कारण ते खुर्ची ओढून बसले. चाकांकडे बोट करून विचारलं, "याले रबर असते काय?"

"असतं."

"मंग ते नाई राहत. जळून जाते, खाली पांढरी भुकटी पडते. गाडी खाली टेकते. पाट्याचं टेंपर जाते ना, पाटे वजन धरत नाईत मंग."

रणगाड्याला ट्रकसारखे स्प्रिंगचे पाटे नसतात, पोलादी दांड्या असतात, पण गोष्ट तीच. मी चाकांचं रबर कापून काढलं आणि पूर्ण धड दोन मिलिमीटर खाली बसवलं. रणगाडा एकदम खराखुरा मेलेला दिसायला लागला.

पुढचे सात-आठ दिवस बाबा रोज यायचे. मी रंग कालवायचा, ते सांगायचे. "इतकं लाल नाई. अजून पिवळं टाक." "ही कोर कायले काळी केली? इथून तर ज्वाळ निघते." मी पानं भरत होतो. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघं असे जवळ बसलो नव्हतो. मला आनंद होता, हे खरं सांगायला पाहिजे. हे सगळं त्यांना कुठून माहीत आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी विचारत होतो. आणखी काय दिसतं, बाबा? काच कशी होते? सीटचं काय होतं? ते सांगत होते. काच वितळून मेणासारखी खाली येते. सीटच्या फक्त स्प्रिंगा उरतात.

खोक्यात सैनिकाचा एक पुतळा होता, रणगाड्याच्या माथ्यावरच्या झाकणातून कमरेपर्यंत बाहेर आलेला. मी त्याचे हात वाकवून तो झाकणाच्या कडेवर ओणवा चिकटवला. त्या संध्याकाळी बाबा बसले आणि त्यांचं लक्ष तिथे गेलं.

"हा कोन?"

"आतला माणूस."

"मेला?"

"हो. असे फोटो आहेत, बाबा."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुया मामाही एवढाच बाहेर आलता," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मामा तर धडकेतच..."

"नाई. बोलत होता." बाबा त्या पुतळ्याकडेच पाहत होते. "माह्या बाजूच्या दरवाजातून ओढला मी त्याले. कमरेवरचा आला. पाय फसला होता, डॅशबोर्डाखाली. 'भाऊजी, पाय' म्हने. 'भाऊजी, पाय पाहा.' मी म्हटलं पाहतो. खाली डिझेल पेटलं. मले वाटे आता निघते, आता निघते. मंग गाठी पेटल्या." त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. कातडी ताणलेली, बिनकेसाची, मी रोज पाहत आलेली. "मी सोडला."

"सुटला असेल, बाबा. इतकं भाजल्यावर हात आपोआप सुटतो."

"सुटला नाई. सोडला."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. ती अंबाडी निवडत बसली होती, पानं पदरातच होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"तुमी मले म्हटलं होतं का त्याले समजलंच नाई," ती म्हणाली.

"हाव."

"मी वहिनीले तेच सांगतलं. दरसाली तेच सांगतलं."

आई आत गेली, गॅस बंद केल्याचा आवाज आला. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

सकाळी तिने पिशवी भरली आणि कळंबला निघून गेली. कुठे जाते ते मला सांगितलं, बाबांना नाही. बाबा धरमकाट्यावर गेले. चार दिवस मी खिचडी लावत होतो, ते खाली मान घालून खायचे आणि ताट स्वतः घासायचे. टेबलाकडे ते आले नाहीत. मी मात्र त्या चार दिवसांत रणगाडा पूर्ण केला. पुतळा काढून टाकला, झाकण उघडं ठेवलं, गंजाचा शेवटचा हात दिला. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते, पण झालं ते असंच.

पाचव्या दिवशी दुपारी आई परत आली, सोबत मामी होती. रविवार होता, बाबा घरी होते. मामीला पाहून ते उठून उभे राहिले. मी पाणी आणलं. मामीने ते घेतलं, प्यायली नाही.

"नणंदबाईनं सांगतलं मले," ती म्हणाली. "मले तुमच्या तोंडून आयकाचं आहे, भाऊजी."

बाबांनी पुन्हा सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. या वेळी जास्त हळू. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मामी मध्ये रडली नाही. संपल्यावर तिने विचारलं, "किती वेळ होते जिवंत?"

"पाच मिनिटं असतीन. घड्याळ नाई पाह्यलं, वहिनी."

"लोक नव्हते रस्त्यानं?"

"होते. जवळ कोनी येत नव्हतं."

"पोरीचं नाव घेतलं काय त्याईनं? माह्यं?"

मी बाबांकडे पाहिलं. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं. कुणाचं काय बिघडणार होतं?

"नाई," बाबा म्हणाले. "पायाचंच बोलत होता."

मामीने मान हलवली. ती म्हणाली, "हे एक खोटं बोलले असते तरी चाललं असतं."

मग तिची नजर टेबलावर गेली. आईनेच तिला सांगितलं असणार. ती उठून जवळ आली. "अशीच झालती गाडी?"

"रंग असाच होता," बाबा म्हणाले.

"हात लावू काय?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. तिने रणगाडा उचलला नाही, फक्त झाकणाच्या भोकावर करंगळी ठेवली. "यातून मानूस निघते? एवढ्यातून?"

"हो, मामी."

"हे कायले बनवलं तू?"

"नागपूरला प्रदर्शन आहे. स्पर्धा असते."

"याचं बक्षीस भेटते?" तिने हे टोमण्याने विचारलं नाही. तिला खरंच समजत नव्हतं. बोटाला लागलेली गंजाची पूड तिने पदराला पुसली आणि तीनच्या एसटीने परत गेली. मी स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत चढताना ती म्हणाली, "बापाकडं लक्ष ठेव."

मी रणगाडा नागपूरला नेला. नेऊ नये असं वाटत होतं आणि नेला. एका मोठ्या सभागृहात टेबलांच्या रांगा होत्या, त्यांवर दीडशे-दोनशे मॉडेलं, माझ्या रणगाड्याभोवती सतत दोन-चार जण वाकलेले. परीक्षकांपैकी एका गृहस्थाने भिंग लावून चाकांखालची पांढरी भुकटी पाहिली आणि म्हणाला, "जळालेल्या धातूचा रंग इतका बरोबर मी अजून पाहिला नव्हता. संदर्भ कुठून मिळवलात?"

"इंटरनेटवर फोटो आहेत भरपूर," मी म्हणालो.

दुसरा क्रमांक आला. प्रमाणपत्र मी लॅबमधल्या खणात ठेवलं. घरी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रणगाडा खोक्यात घालून माळ्यावर टाकला.

उन्हाळ्यात मामीच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका आली, तिच्यावर पेनने आईचं आणि माझं नाव लिहिलं होतं. बाबांचं नव्हतं. बाप नसलेल्या पोरीच्या लग्नात आत्याच्या नवऱ्याचा मान मोठा असतो, गेलेल्या मामाच्या जागी बाबाच उभे राहिले असते. बाबांनी पत्रिका हातात घेऊन वाचली, उलटून पाहिली आणि परत आईच्या हातात दिली. आई तोपर्यंत त्यांच्याशी कामापुरतंही बोलत नव्हती. जेवण वाढायची, कपडे धुवायची, निरोप माझ्या हाती द्यायची. "त्याईले म्हनाव गॅसचा नंबर लावा." तीन खोल्यांच्या घरात मी निरोप्या झालो होतो.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. बाबा नेहमीसारखे काट्यावर गेले. लग्नात पाहुणे विचारत होते, वणीचे जावई कुठे आहेत? मामीच उत्तर देत होती, "त्याईची तब्येत बरी नाई." एवढं तिने केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी पोचलो तेव्हा बाबा दारातच बसले होते. सुट्टी घेतली होती. त्यांनी उठून आईच्या हातातली पिशवी घेतली. तिने दिली.

"झालं बराबर?" बाबांनी विचारलं. मला विचारलं की आईला, ते कळलं नाही. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पुन्हा विचारलं, "पोरगी कशी दिसत होती?"

आई चप्पल काढत होती. एक पायातून काढली, दुसरी काढली, भिंतीशी नीट लावून ठेवली.

"बापावानी दिसत होती," ती म्हणाली, आणि लुगडं बदलायला आत गेली.