झडतीच्या आपा

"पदर झाडा वं, पदर! एक डाव नाई, दोन डाव!"

सकाळी हा पुकारा झाला की कारखाना सुरू झाला असं आम्ही धरायचो. भोंगा त्यानंतर वाजायचा. चंद्रपूरपासून बसने तासाभरावर, जंगलाला लागून हा कारखाना होता. कोळशाच्या खाणींत लागणाऱ्या सुरुंगाच्या कांड्या तिथे बायका भरत. गोष्ट नव्वदीतली. मी फाटकाच्या आतल्या कॅबिनमध्ये हजेरी लिहायचो आणि आपा फाटकावर बायकांची झडती घ्यायच्या.

आपा शहरातल्या बांगडीवाल्यांच्या घरच्या. हात बघून माप सांगणारं घराणं, त्यामुळे कुणाच्या अंबाड्यात पिन आहे हे त्यांना दुरूनच कळायचं. लोखंड घासलं की ठिणगी आणि ठिणगी पडली की शेड गेली, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आपांना मात्र ते स्वस्थ बसू देत नसे. लग्नाला गेल्या तरी नवरीची कंबर चाचपून येतील, अशी आमची थट्टा. एकदा खुद्द मॅनेजरसाहेबांना त्यांनी भर रांगेत अडवलं होतं. "साहेब, चाब्या." साहेबांनी किल्ल्या दिल्या, पण ते विसरले नाहीत.

आपल्याकडे लेकराला नजर-बाधा होऊ नये म्हणून ओली बाळंतीण सव्वा महिना लोखंडाशिवाय राहत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण पोट काही सव्वा महिना थांबत नाही. बाया त्याआधीच कामावर यायच्या, कमरेला खिळा खोचून. काढ म्हटलं की रडायच्या, नाहीतर लपवायच्या. यावर आपांनीच तोड काढली.

"मी तं बाहेरच बसतो न वं. माह्यापाशी राहू दे. तुह्या लेकराचं मी पाहीन."

आणि ही मुसलमान बाई हिंदू बाळंतिणींचे खिळे ओढणीच्या टोकाला गाठी मारून दिवसभर सांभाळायची. संध्याकाळी जिचा तिला परत.

एका सकाळी एक बाळंतीण रडतच आली. लेकराला ताप होता. आपांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला आत सोडलं. रांग संपली. आपा स्टुलावर बसल्या, उठल्या, परत बसल्या.

"भाऊ, तिचा खिळा म्या घेतला का?"

मला काय ठाऊक! त्यांनी गाठी चाचपल्या. तीनच होत्या, आणि बाळंतिणी चार. मग आपा ज्या धावल्या त्या थेट शेडच्या दाराशी. हाका मारून तिला बाहेर काढलं. खिळा तिच्या कमरेलाच होता. तेव्हा कुठे आपांचं लक्ष स्वतःच्या ओढणीकडे गेलं. बाकीचे तीन खिळे त्या स्वतःच दारापर्यंत घेऊन गेल्या होत्या.

परत आल्या त्या थेट माझ्या खिडकीशी.

"लिवा भाऊ, वहीत."

"कोणी पाह्यलं नाई, आपा. जाऊ द्या."

"म्या पाह्यलं न. आज सोताले सोडलं तं उद्या कोणाले कोणत्या तोंडानं अडवू?"

मी लिहिलं. का लिहिलं, म्हणून आजही मला स्वतःची चीड येते. साहेबांना निमित्तच हवं होतं. दुपारच्या आत आपांना काढून टाकलं.

त्या घरी गेल्या नाहीत. रस्त्यापलीकडे मोहाच्या झाडाखाली येरझारा घालत राहिल्या. फाटकावर झडतीला त्या दिवशी दुसरं कुणीच नव्हतं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर बाया तशाच आत गेल्या होत्या. माझंही कशात मन लागेना.

पाच वाजता बाया सुटल्या. आपांनी एकेकीचं तोंड न्याहाळलं, खिळे परत दिले, लेकराच्या तापाची चौकशी केली. शेवटची बाई बसमध्ये चढली तरी आपा जागच्या हलेनात. मी खिडकीतून ओरडलो, "आपा, सगळ्या आल्या बाहेर! जा आता, बस सुटते!"

"तुम्ही कुठी आले, भाऊ?" त्या म्हणाल्या. "तुम्ही आतच हाय न अजून."

मी वही मिटली आणि फाटकाबाहेर आलो. मग आपा बसमध्ये चढल्या.