सुखरामच्या नावावरचं एक वाक्य

आम्रपालीच्या हातात लाल फितीची फाईल आली, तेव्हापासून संघमित्राला तिच्याकडे सरळ पाहणं जमेना.

फाईल काही जाडजूड नव्हती. पोलिसांच्या नोंदीची नक्कल, पोस्टमॉर्टेमचा कागद, नवऱ्याचं, रवीचं आधार कार्ड, अर्जाच्या दोन प्रती. पण पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी आम्रपाली ती छातीशी धरून बालाघाटच्या कोर्टाकडे निघाली की गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहत. सासू शेवंताबाई स्वतःच्या हाताने तिच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवी. संघमित्रा गेली चार वर्षं रोज सकाळी साडेसातला राईस मिलमध्ये तांदूळ चाळायला जात होती. तिच्या पिशवीत कोणी कधी बाटली ठेवली नव्हती.

दोघी सख्ख्या जावा. दोघी विधवा. आणि दोघींचे नवरे एकाच मिलच्या एकाच गोदामात, एकाच तऱ्हेने गेलेले. धानाचे कट्टे, म्हणजे पोती, छताला टेकेपर्यंत रचायचे, ही तिथली रीत. खालचा एखादा कट्टा फाटला की सगळी थप्पी कलंडते. मोठा भाऊ सुखराम चार वर्षांपूर्वी तिच्याखाली सापडला, धाकटा रवी गेल्या वर्षी.

मरण एकसारखं असलं तरी मागे राहिलेल्यांची गोष्ट एकसारखी झाली नाही. संघमित्राच्या पोटात दुखत होतं ते इथेच.

सुखराम दारूला कधी शिवला नव्हता. हमालांत अशी माणसं विरळच. गाडी खाली झाली की बाकीचे मोहाची घेऊन बसत, हा शेंगदाणे खात त्यांच्या शेजारी बसे आणि घरी जाताना ज्याचा तोल जाईल त्याला खांदा देई. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना चार शीलांपर्यंत त्याचा आवाज सगळ्यांसारखा असे. पाचव्याला, मद्यापासून दूर राहण्याच्या शीलाला, तो चढे. पोरं हसत. संघमित्रा पदराआड हसे, पण तिची मान ताठ होई.

तो गेला त्या दिवशी मिलच्या गाडीनेच त्याला घरी आणून टाकलं. पोलीस आले नाहीत, पोस्टमॉर्टेम झालं नाही. "कापाकापी कशाले करता," असं चार म्हातारे म्हणाले आणि सूर्य मावळायच्या आत सगळं उरकलं. तिसऱ्या दिवशी मुनीम भोजराज एक टाईप केलेला कागद घेऊन आला.

संघमित्रा आठवी शिकलेली होती. हिंदी तिला मराठीहून सराईत वाचता येई. त्यामुळे आपण काय वाचतो आहोत हे तिला समजलं नाही, असं म्हणायची सोय तिला कधीच नव्हती. कागदात लिहिलं होतं, 'मृतक नशे की हालत में था.' नशेत थप्पीवर चढला आणि पडला, मिलचा काही दोष नाही.

"हे काहून लिवलं?" तिने विचारलं होतं.

"तेवढं लिहावं लागते, बाई. मामला लवकर बंद होते," भोजराज म्हणाला. "मेलेल्या माणसाले काय फरक पडते? तुमाले चाळणीवर पक्कं काम देऊन राह्यले सेठ. पोरीची शाळा हाय. बघा."

मुलगी रचना तेव्हा नववीत होती. संघमित्राने तिच्याकडे पाहिलं आणि सही केली. मिलचा शिक्का मारलेली नक्कल भोजराजने संध्याकाळी तिला आणून दिली. ती तिने पेटीच्या तळाशी, पत्र्यावर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवली. घरात सांगितलं, सेठ भला माणूस आहे, त्याने काम दिलं. शेवंताबाईने सेठला आशीर्वाद दिले. ते संघमित्राने ऐकून घेतले.

मग रवी गेला. आणि रवी प्यायचा. गल्लीला माहीत होतं, विहाराला माहीत होतं. भोजराज पुन्हा तसाच कागद घेऊन आला, फक्त नाव बदललेलं. आम्रपालीने तो वाचला आणि उंबऱ्यावरच परत दिला.

"पेत असन तो," ती म्हणाली, "पण तो कट्ट्याखाली मेला, मुनीमजी. दारूखाली नाही. थप्पी काय त्यानं आपल्या डोक्यावर रचली होती?"

आणि तिने देह उचलू दिला नाही. पोलीस आले, पंचनामा झाला, सरकारी दवाखान्यात पोस्टमॉर्टेम झालं. म्हातारे पुन्हा म्हणाले, कापाकापी कशाला. आम्रपाली थोरल्या दिराची, सुखरामची, आठवण देत म्हणाली, "मोठ्या भासऱ्याच्या वक्ताले नाही केली, त्यानं काय भेटलं?"

संघमित्रा तेव्हा चुलीजवळ उभी होती. दारुड्याच्या बायकोने नवऱ्याचं नाव राखलं आणि न पिणाऱ्याच्या बायकोने ते लिहून दिलं. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, तिला आणि भोजराजला. निदान असं ती समजत होती.

त्या वर्षभरात आम्रपाली मोठी झाली. कोर्टाच्या आवारातल्या विधिक सेवेच्या खोलीत बायकांना फुकट वकील मिळतो, हे तिने कुठूनसं काढलं. आता लांजीकडची, राजेगावची बाई तिचं नाव विचारत गल्लीत येई. आम्रपाली ओट्यावर बसून सांगे: "पहिले रिपोर्ट. पोस्टमॉर्टेमले नाही म्हणू नोका. गाडीनं उडवलं असन तं अर्ज येगळ्या कोर्टात, कामावर मेला असन तं येगळ्या. वीज पडली तं तहसीलमध्ये. बैहरकडं जनावरानं मारलं तं जंगल खात्यात. अन् कोऱ्या कागदावर सही कोणालेच द्याची नाही."

शेवंताबाई शेजारी बसून मान डोलवी. "माही लहान सून," ती त्या बायांना सांगे, "हिले सगळं समजते." मोठी सून आतून चहा आणून देई.

"वकीलसाहेब, चहात साखर कमी चालन काय?" एकदा संघमित्रा म्हणाली.

आम्रपाली हसली. "तुम्ही बनवला ना बाई, काहीबी चालन."

हे हसणंच संघमित्राला सोसत नसे. आम्रपालीने उलट बोलावं, फणकारावं, म्हणजे मन मोकळं करता आलं असतं. ती साधी होती. तिच्या साधेपणावर राग धरायला जागा मिळत नव्हती, म्हणून तो फाईलवर जाई. एकदा घरात कोणी नसताना संघमित्राने त्या लाल फितीची गाठ सोडली, आणि पुन्हा तशीच बांधता येईना म्हणून घाम फुटेस्तोवर खटपट करत बसली.

भादव्यात आम्रपाली एका पेशीहून आली. पिशवी खाली ठेवून ती भिंतीला टेकून बसली.

"काय झालं वं?" शेवंताबाईने विचारलं.

"मिलवाल्याचा वकील म्हणते, रवी त्याईचा माणूसच नाही. रस्त्यावरची हमाल टोळी होती म्हणते, कोण आलं कोण गेलं आम्हाले काय माहीत. हजेरीत नाव नाही. सोबतचे हमाल बोलाले तयार नाहीत, त्याईले काम करायचं हाय तिथं." तिने संघमित्राकडे पाहिलं. "माही वकील प्रेमलता मॅडम म्हणते, मिलच्या शिक्क्याचा एक तरी कागद पाहिजे, रवीचं नाव असलेला. नाही तं केस पडते. बाई, भासऱ्याच्या वक्ताचा तुमच्याजवळ काही असन?"

"माह्याजवळ काय राहीन?" संघमित्रा म्हणाली. "सुखरामच्या वक्ताचा अन् रवीचा काय संबंध?"

हे ती खोटं बोलली नाही, असं तिला त्या क्षणी वाटलं. आणि त्याखाली, अगदी खाली, एक गार बरं वाटणं होतं: पडते म्हणे केस. आता बाटली नाही, ओटा नाही, लहान सून नाही. दोघी सारख्या.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये तांदळाची कणकी चाळताना तिला कागदाचा खालचा भाग आठवला. साक्षीदारांच्या दोन जागा होत्या. एक भोजराजची. दुसरी सही कोणाची? ती दुपारी पोट दुखतं म्हणून घरी आली. शेवंताबाई शेजारी गेली होती. पेटी उघडली, वर्तमानपत्र उचललं. चार वर्षांत तिने तो कागद एकदाही पाहिला नव्हता.

'गवाह: रवी, मृतक का छोटा भाई, हमाल, गोदाम नंबर दो.' खाली रवीची वेडीवाकडी सही. सहीवर अर्धा चढलेला मिलचा निळा शिक्का.

म्हणजे तिसऱ्या माणसालाही माहीत होतं. तो त्याच घरात जेवत होता, तिला वहिनी म्हणत होता, आणि एका शब्दाने त्याने कधी दाखवलं नाही.

चार दिवस ती तो कागद पोलक्यात घालून मिलला गेली आणि तसाच परत आणला. दिला तर चाळणीचं काम जाणार, हे होतंच. पण त्याहून मोठं होतं शेवंताबाईचं तोंड. सुखराम नशेत होता असं तुझ्या सहीने लिहिलंय, आणि तू वाचून सही केलीस? नाही दिला, तर कोणाला काही कळणार नव्हतं. फक्त आम्रपालीची केस पडणार होती. त्यातलं सगळ्यात वाईट हे, की तसं होणं तिला थोडंसं हवंही होतं. ते हवंसं वाटणं तिला चाळणीवर, भाकरी थापताना, सगळीकडे दिसू लागलं. पाचव्या दिवशी तिने मिलला दांडी मारली आणि आम्रपालीच्या मागोमाग कोर्टात गेली.

विधिक सेवेच्या खोलीत प्रेमलता मॅडम डबा उघडत होत्या. शहरातल्या नोकरदार घरच्या, पन्नाशीच्या. संघमित्राने कागद टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मॅडमनी दोनदा वाचला. "हा चार वर्षं कुठे होता?"

"पेटीत."

"आम्रपाली, तुझ्या नवऱ्याला ते ओळखत नाहीत म्हणतात ना? हे बघ, त्यांच्याच शिक्क्याखाली 'हमाल, गोदाम नंबर दो'." मग त्या संघमित्राकडे वळल्या. "आणि तुमचे यजमान खरंच प्यायचे?"

"थेंब नाही."

"मग हे का लिहून दिलं?"

"ते म्हणले, तेवढं लिवल्याशिवाय होत नाही."

प्रेमलता मॅडमनी चष्मा काढला. "अहो बाई, कामावर माणूस मेला तर तो प्यायला होता की नव्हता, हे कायदा विचारतच नाही. जखमी झाला असता तर विचारलं असतं. मरणात नाही. तुम्ही हे लिहून दिलं नसतं तरी तुमचा हक्क तेवढाच होता. आणि हातोहात दिलेलं काम, पैसे, काहीच भरपाईत धरत नाहीत. ती कोर्टातच जमा करावी लागते."

संघमित्राला खुर्ची सापडेना. आम्रपालीने सरकवली.

"म्हणजे ते वाक्य फुकटच लिवलं?"

"फुकटच. तुमचाही अर्ज लावू. उशीर झालाय, कारण सांगावं लागेल, सोपं नाही. पण तो गोदामात मेला हे याच कागदात आहे."

"तो प्याला नव्हता, हे लिवता येते काय अर्जात?"

"येतं. त्याची गरज नाही पण."

"मले हाय," संघमित्रा म्हणाली.

आम्रपाली इतका वेळ कागदावर बोट ठेवून होती, रवीच्या सहीवर. परतीच्या ऑटोत ती एवढंच म्हणाली, "भासरे गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा पिऊन आला होता, बाई. मी म्हणलं, भावाचं दुःख हाय, उतरन. उतरलंच नाही."



घरी आल्यावर संघमित्राने शेवंताबाईला तो कागद आणि स्वतःची सही सांगितली. रवीची सांगितली नाही, आम्रपालीनेही नाही. शेवंताबाईने एकच विचारलं, "वाचून केली?"

"हौ."

आठ दिवस सासूने तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. भोजराजने तिला मिलच्या फाटकावरूनच परत पाठवलं. आणि प्रेमलता मॅडमच्या कारकुनाने संघमित्रालाही एक फाईल दिली. तिची फीत पांढरी होती. लाल संपल्या म्हणे. संघमित्राने दोनदा विचारून पाहिलं.

नवव्या दिवशी राजेगावची मैनाबाई ओट्यावर आली. तिच्या जावयाचं काही होतं. आम्रपाली तिचे कागद लावून देत होती. शेवंताबाई नेहमीसारखी शेजारी. संघमित्रा चहा घेऊन आली तशी सासूने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"हे माही मोठी सून," ती मैनाबाईला म्हणाली. "हिचीबी केस लागून राह्यली. त्या मेल्यायनं माह्या सुखरामले दारुडा लिवलं. सुखराम! ज्यानं वास नाही घेतला कधी. लहान्याचं म्हणाल तं त्याचं येगळं, तो पेतच होता, खोटं काहून बोलू. पण मोठा माहा हिरा होता."

चार वर्षं संघमित्राला जे ऐकायचं होतं, ते हेच. परक्या बाईसमोर, ओट्यावर, हात धरून.

आम्रपालीने कागद लावायचं थांबवलं नाही. फक्त मान आणखी खाली गेली, आणि वरचा कागद तिने उगीचच खाली घातला. खाली मान घालून हाताला काम देत बसणं संघमित्राला पाठ होतं. ती तशी चार वर्षं बसली होती.

पळभर तिला गोड वाटलं. नाही म्हणायचं कारण नाही.

मग तिने सासूच्या हातातून आपला हात काढून घेतला.

"रवीबी पहिले पेत नव्हता, माय," ती म्हणाली. "माह्या कागदावर साक्षीदार म्हणून त्याची सही हाय. भाऊ नशेत होता या खोट्यावर त्यानं सही केली, अन् त्याच दिवशी दारूले लागला. त्याले दारू मी लावली म्हणा."

मैनाबाईने बशी तोंडाजवळून खाली ठेवली. शेवंताबाई आळीपाळीने दोघी सुनांकडे पाहू लागली.

"तुले माहीत होतं?" तिने आम्रपालीला विचारलं.

आम्रपालीने होकाराची मान हलवली. मग बसल्या जागेवरून तिने शेजारी ठेवलेली संघमित्राची पांढऱ्या फितीची फाईल ओढून घेतली, उघडली आणि भराभर कागद चाळले.

"तुमचं आधार नाही लावलं यात, बाई," ती म्हणाली. "जा, घेऊन या."

संघमित्राला तिच्या त्या स्वराचा पुन्हा राग आला. ती उठली आणि पेटीतून आधार काढून आणायला आत गेली.