फ्यूज काढला त्या संध्याकाळचा भाग

आईचा डावा डोळा आधीच गेला होता आणि उजव्याचंही काही खरं नव्हतं. डॉक्टर दर तपासणीला तेच सांगायचे, थेंब चालू ठेवा, बघू. काचबिंदूच्या पेशंटला डॉक्टर ‘बघू’ म्हणाले की घरच्यांनी काय ते समजून घ्यायचं. आणि इकडे एका जुन्या टीव्ही मालिकेची डीव्हीडी निघायचं नाव घेत नव्हती. दिवाळीला येणार म्हणाले, दिवाळी गेली. मग पाडव्याला. मग कळलं की हक्कांवरून निर्मात्याच्या दोन मुलांत जुंपलीय. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, उशिरा आलेल्या मालावरून सप्लायरला फैलावर घ्यायची मला सवय. इथे कुणाला घेणार, कपाळ! मी नुसती रोज फोनवर बघायची, आली का, आली का.

मालिका विनोदी. माझ्या लहानपणी दर आठवड्याला टीव्हीवर लागायची आणि तिच्या एका भागात बाबा होते. ते आकुर्डीला कारखान्यात कामाला, शिवाय कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी काम करायचे. तिथे कुणीतरी त्यांना हेरलं आणि शूटिंगला बोलावलं. काम तारवाल्याचं, वाक्य एकच. ‘तार आहे साहेब, पण घाबरू नका, मी वाचलीय.’ माझ्या दहावीच्या निकालापासून आईच्या रिपोर्टपर्यंत बाबांनी हे वाक्य कुठे म्हणून वापरलं नाही असं नाही.

घोळ असा की शूटिंगला ते आजारपणाची रजा टाकून गेले होते, कंबर धरली म्हणून. आणि त्यांचे सुपरवायझर संत तुकाराम नगरला आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर. तो भाग लागायच्या संध्याकाळी बाबांना दरदरून घाम फुटला. आई ठेवणीतली साडी नेसून टीव्हीसमोर बसलेली. सुरू व्हायला पाच मिनिटं असताना बाबा जिन्याखाली गेले आणि अख्ख्या बिल्डिंगचा फ्यूज काढून खिशात घालून वर आले. अर्धा तास सगळे वीज मंडळाच्या नावानं बोटं मोडत होते. दुसऱ्या दिवशी कळलं की शेजारच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी तो भाग पाहिला, पण खोट्या मिशांमुळे बाबांना कुणीच ओळखलं नाही. म्हणजे फ्यूज काढायची गरजच नव्हती! तो भाग टीव्हीवर पुन्हा कधी लागला नाही. आईनं त्यावरून कधी भांडण काढलं नाही, फक्त अधूनमधून म्हणायची, माझं तेवढं बघायचं राहिलं. बाबा अशा वेळी पेपर वाचत बसायचे.

शेवटी डीव्हीडींचा संच आला तेव्हा आईला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मला इतका राग आला होता की पाकीट उघडावंसंही वाटेना. त्या दोघा भावांना मी मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबा मात्र म्हणाले, बघता नाही आलं तरी ऐकेल ती, आवाज तरी माझाच आहे ना. आता डीव्हीडी लावायला घरात यंत्र कुठलं? आकुर्डीच्या एका मैत्रिणीच्या माळ्यावर एक निघालं. ते चालतंय का बघायला म्हणून मी आधी सांगवीला माझ्या घरी तो भाग लावला. तपासल्याशिवाय मी काही पुढे जाऊ देत नाही, ही माझी जित्याची खोड.

बाबा दारात येतात. केवढे तरुण! तार पुढे करतात, तोंड उघडतात आणि तेवढ्यात कॅमेरा साहेबांवर जातो. वाक्य नाहीच. नुसता हशा, आणि पुढचा प्रसंग सुरू. मी चार वेळा मागे नेऊन पाहिलं. तेव्हाच कापलं होतं की आता, देव जाणे.

बाबांना फोन करून सांगितलं. मी म्हटलं, डिस्क खराब निघाली असं सांगू आईला.

“नको,” ते म्हणाले. “तू रविवारी ये. तिला काही बोलू नकोस.”

रविवारी दुपारी मी यंत्र जोडलं. आईनं साडी बदलली होती. बाबांनी खुर्ची उचलून अगदी टीव्हीला चिकटून ठेवली, आणि ते काय करणार आहेत ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, आता आई ओळखणार आणि बाबांचं तोंड एवढंसं होणार. इतक्या वर्षांनी तिच्या पदरात पडणार काय, तर फसवणूक. मी पडद्यावर काय चाललंय ते आईला सांगत होते, पण माझं सगळं लक्ष बाबांकडे.

“आई, बाबा आले दारात,” मी म्हटलं.

टीव्हीशेजारून आवाज आला, घोगरा, दबका, जरासा कापरा. “तार आहे साहेब, पण घाबरू नका, मी वाचलीय.” टीव्हीतला हशा नेमका त्यावरच आला. आई हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. मी हुश्श केलं.

“परत लाव गं,” ती म्हणाली.

मी मागे नेलं. आईनं मान वळवली, पडद्याकडे नाही, बाबांच्या खुर्चीकडे.

“आणि अहो, या वेळी जरा मोठ्यानं म्हणा.”