दीड वर्ष उमेदवार राहिलेले परबदादा

परबदादा दीड वर्ष पहिल्याच लेव्हलवर राहिले आणि आम्ही सगळे त्यांना हसायचो.

आज सकाळी गोरेगावला, राहत्या घरी ते गेले. झोपेतच.

माझा भाचा म्हणतो, मावशी, तुमच्या काळात ऑनलाइन गेम नव्हते. होते रे बाबा. एकच होता, आणि तो आठ जणांपुरता होता.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. अंधेरी पूर्वेला एका छोट्या कंपनीत मी डेटा एन्ट्रीला लागले. एक मोठं मशीन, त्याला जोडलेली आठ टर्मिनल्स. खोलीला एसी. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जातात तसं.

मी मुलुंडची, वीस वर्षांची, तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर. बाबांची नोकरी नुकतीच सुटली होती. मला पर्मनंट व्हायचंच होतं.

आमचा प्रोग्रामर दिवेकर. त्याने फावल्या वेळात एक गेम लिहिला होता. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं, तेही इंग्रजी लिपीतलं मराठी. एक गड, त्याचे सात दरवाजे, आणि आम्ही आठ जण आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी त्या गडावर.

डबा पंधरा मिनिटांत संपवायचा. उरलेला अर्धा तास गड.

सुरुवातीला प्रत्येक जण उमेदवार. हातात काठी, बाकी काही नाही. पाच लेव्हल झाल्या की शिलेदार. मग तलवार, घोडा, सगळा थाट.

पण उमेदवाराची एक गंमत होती. त्याने चुकीचं काही टाइप केलं की मशीन त्याला समजावून सांगायचं. ‘दाराला कडी आतून आहे. आधी खिडकी बघ.’ असं.

शिलेदार झालात की ते बंद. मग नुसतं एकच यायचं.

‘चूक.’

मी दोन आठवड्यांत शिलेदार झाले. माझ्या शेजारच्या टर्मिनलवर परबदादा बसायचे. सहा वर्षं जुने ऑपरेटर, मूळचे मालवणचे.

म्हणाले, “गो चेडवा, इतकी घाई कित्याक? वाच मगे जरा.”

मी कसली वाचतेय. माझा घोडा तिसऱ्या दरवाजात आठ दिवस अडकला. चूक, चूक, चूक. आणि शेजारून परबदादांचा उमेदवार काठी टेकत आरामात आत-बाहेर करायचा.

“परब, प्रमोशन नको का रे तुला?” दिवेकर विचारायचा.

“बरां आसा हय,” इथेच बरं आहे, एवढंच म्हणायचे.

मला याचं फार कुतूहल होतं. माणसाला वर जायचं का नसेल? एकदा विचारलंही. त्यांनी डब्यातला सोलकढीचा पेला पुढे केला आणि विषय संपवला.

आता तो शनिवार.

आठवडाभराची सगळ्यांची एन्ट्री डिस्कवरून टेपवर उतरवायची, हे काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं. दिवेकरने सकाळी भराभर सांगितलं होतं. मी भराभर मान हलवली होती. डोक्यात काहीही शिरलं नव्हतं.

कमांड उलटी दिली असती तर मागच्या आठवड्याची टेप डिस्कवर चढली असती, आणि आठ जणांचं आठवड्याचं काम पुसलं गेलं असतं. माझी नोकरीही.

विचारायची हिंमत नव्हती. विचारलं तर कळेल ना, हिला येत नाही.

मी कीबोर्डवर हात ठेवून नुसती बसले होते. 

तेवढ्यात शेजारून आवाज आला.

“दिवेकर, जरा इकडे ये रे. डिस्कवरून टेपवर कसं घ्यायचं, ते परत एकदा सांग. विसरलो.”

दिवेकरने कपाळावर हात मारला. “सहा वर्षं झाली, परब!”

सगळे हसले. मग त्याने सावकाश, मोठ्याने, लहान पोराला सांगतात तसं एकेक अक्षर सांगितलं. मी ते टेबलाखाली तळहातावर लिहून घेतलं. काम झालं. पुढे पर्मनंटही झाले.

आणि हो, तेव्हा मीही हसले होते. सगळ्यांबरोबर.

दोन वर्षांनी ऑपरेटरांचं इन्चार्जपद निघालं. हक्क परबदादांचा होता. साहेब म्हणाले, “परब चांगला आहे, पण त्याला प्रत्येक गोष्ट दुसऱ्याला विचारावी लागते.” पद मला मिळालं. साहेबांचं बरोबर आहे, असं मला मनापासून वाटलं होतं. आज हे लिहिताना लाज वाटतेय.

दुपारी दिवेकरचा फोन आला. तोही आता सत्तरीला टेकलाय. बोलता बोलता मी म्हटलं, “गेम बंद होईपर्यंत ते उमेदवारच का राहिले रे? मला कधी कळलंच नाही.”

मग त्याने सांगितलं.

“अगं, गेममधल्या त्या सूचना परबनेच लिहिल्या होत्या. मी नुसतं ‘चूक’ छापत होतो. परब म्हणाला, नवीन माणूस घाबरतो याने. मग तो बघत बसायचा, कोण कुठे अडतंय. संध्याकाळी मला वाक्य द्यायचा. आणि सूचना फक्त उमेदवारालाच दिसायच्या ना? शिलेदार झाला असता तर तपासल्या कशा असत्या त्याने?”

मी विचारलं, “आणि टेप? टेपचं त्यांना येत होतं?”

“येत होतं म्हणजे? तुझ्या आधी पाच वर्षं दर शनिवारी तोच करायचा.”

फोन ठेवल्यावर कमांड लिहून घेतलेला तो तळहात समोर धरून बसले होते.

परबदादा, मी अडले होते हे तुम्ही बघितलं होतंत. इतक्या वर्षांत एकदा येऊन तुम्हाला विचारायला हवं होतं. गोरेगाव काय लांब होतं?

मीही त्या दिवशी हसले. माफ करा.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.